भरती, उंची ३.८ मीटर

बोयेसाहेब कार्यवाह झाले ते फोन घ्यायला बाहेर गेले म्हणून. सागरी अभियंत्यांच्या संस्थेच्या स्थानिक शाखेची वार्षिक सभा चालू होती, सात सदस्यांपैकी सहा हजर होते आणि 'पुढचा कार्यवाह कोण' या विषयावर पाऊण तास सगळे जण छताकडे बघत बसले होते. तेवढ्यात बोयेसाहेबांचा फोन वाजला. बायकोला घरी येताना साबण आणायला हवा होता. 'अंगाचा की कपड्यांचा' एवढं विचारून ते आत आले, तर टाळ्या चालू होत्या. आपणही वाजवाव्यात म्हणून त्यांनी वाजवल्या. मग कळलं की टाळ्या त्यांच्यासाठीच होत्या.

बोये हे त्यांचं आडनाव नव्हे. बंदराच्या तोंडाशी जे लाल-हिरवे बोये तरंगत असतात, ते भलतीकडे वाहून जाऊ नयेत म्हणून तळाशी साखळदंडांनी बांधून ठेवण्याचं एक शास्त्र असतं. त्या शास्त्रात या गृहस्थांची बावीस वर्षं गेली होती. आता पोस्टमनसुद्धा 'बोयेसाहेब, पत्र' अशी हाक मारायचा. माणूस सज्जन, कामात चोख. खोड एकच, समोरच्याचा शब्द दुरुस्त करण्याची. कुणी 'समुद्र खवळलाय' म्हटलं की हे म्हणणार, "खवळला नाही, लाटांची उंची वाढली आहे." त्यामुळे लोक त्यांच्याशी हवापाण्याबद्दल बोलायचं टाळत, आणि दुसरं काही त्यांना फारसं बोलता येत नसे.

पद गळ्यात पडल्यावर आठच दिवसांनी मुख्यालयाचं पत्र आलं. ज्या शाखेत वर्षभर जिवंतपणाची लक्षणं दिसणार नाहीत ती शेजारच्या शहरातल्या शाखेत विलीन केली जाईल. जिवंतपणाचं लक्षण म्हणजे काय, तर एक तरी असा उपक्रम, ज्यात सदस्य नसलेले किमान पन्नास लोक सही करून भाग घेतील आणि ज्यातून एक तरी ग्राह्य निरीक्षण निघेल. 'ग्राह्य' या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

शेजारच्या शहरातल्या शाखेचे अध्यक्ष होते बोयेसाहेबांचे साडू. म्हणजे संकट साधं नव्हतं. साडूंच्या शाखेला तीनशे सदस्य, स्वतःचं कार्यालय आणि गुळगुळीत कागदावरचं मासिक, ज्याच्या प्रत्येक पानावर साडू कुणाला तरी हार घालत असत किंवा कुणाकडून तरी घालून घेत असत. साडूंचा त्याच संध्याकाळी फोन आला. "काळजी करू नका हो, आमच्याकडे तुम्हाला सांभाळून घेऊ. सतरंज्या घालायला माणसं लागतातच." आणि ते बराच वेळ हसले. साडू त्यांना पाण्यात पाहत असत असं नाही, पण बोयेसाहेब पाण्यात पडले तर काठावरून मजा नक्की बघितली असती.

पण खरी काळजी वेगळीच होती. शाखा स्थापन केली होती ती जुन्या साहेबांनी, म्हणजे बोयेसाहेबांच्या पहिल्या वरिष्ठांनी. आता ते ऐंशीच्या पुढे होते, एकटे राहत होते, आणि महिन्यातून एकदा, सभेच्या दिवशी, दाढी करून, बूट पॉलिश करून, काठी टेकत चालत यायचे. दुसरीकडे ते कुठेच जात नसत. विलीनीकरणाचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "बसनं अडीच तास? मी होईन हो त्या शाखेचा सदस्य, पण माझे गुडघे होणार नाहीत." आणि हसले. बोयेसाहेबांना मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. काहीही झालं तरी शाखा जगवायची, असं त्यांनी ताटावरून उठतानाच ठरवलं.

मग सुरू झाले उपक्रम. पहिलं व्याख्यान, 'साखळदंडांची झीज: काही विचार'. श्रोते चार. त्यातला एक पंखा दुरुस्त करायला आला होता, आणि पंखा सुरू झाल्यावर तो गेला. मग ऑनलाइन चर्चासत्र. त्यात बोयेसाहेब चाळीस मिनिटं आवाज बंद ठेवून तळमळीने बोलले. शेवटी दोन श्रोते उरले, ते दोन्ही तेच होते, एकदा लॅपटॉपवर आणि एकदा मोबाइलवर. मग शाळेत लाटांचं प्रात्यक्षिक झालं. लाट अपेक्षेपेक्षा चांगली झाली आणि पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापिका बाईंना वरपासून खालपर्यंत कळली. शाळेने आभाराचं पत्र पाठवलं, पण त्यात 'पुन्हा' हा शब्द कुठेच नव्हता.

असे दहा महिने गेले. अकराव्या महिन्यात बोयेसाहेबांना कल्पना सुचली. पुढच्या महिन्यात एका शनिवारी वर्षातली सर्वांत मोठी भरती येणार होती. जुन्या दगडी धक्क्यावर लोकांना बोलवायचं, पाण्यात एक मोजपट्टी उभी करायची आणि चढत जाणारं पाणी लोकांनीच दर दहा मिनिटांनी वाचायचं. लोकही आले, निरीक्षणही आलं. कल्पना इतकी सोपी होती की अकरा महिने ती सुचली कशी नाही, याचंच त्यांना नवल वाटलं.

धक्का बंदराच्या मालकीचा. परवानगीच्या टेबलावरच्या कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"पट्टी कशाला लावणार?"

"धक्क्याच्या भिंतीला. चार स्क्रू."

"भिंतीला स्क्रू म्हणजे बांधकाम झालं. बांधकाम विभागाचा दाखला, पुरातन विभागाचा ना-हरकत, आणि पट्टी काढल्यावर भोकं बुजवल्याचं हमीपत्र. चार महिने धरा."

"अहो, भरती तीन आठवड्यांवर आली!"

कारकून मनाने वाईट नव्हता. तो खुर्चीतून पुढे वाकला. "एक करा. धक्क्याला लागून तो तरंगता तराफा आहे ना, होडीवाल्यांना चढाउतरायला? तो बांधकामात धरत नाहीत. त्याला लावा पट्टी. आत्ता शिक्का मारतो."

बोयेसाहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी कारकुनाचे दोन्ही हात धरले. बावीस वर्षं तरंगत्या वस्तूंत काढलेल्या माणसाच्या डोक्यात त्या क्षणी काही यायला हवं होतं. पण दाखल्यांची कटकट वाचल्याच्या आनंदात भल्याभल्यांचं डोकं चालत नाही. शिक्का मारता मारता कारकून म्हणाला, "फक्त फाटकावर पास करावे लागतील. येणाऱ्यांना ओळखपत्र आणि दोन फोटो आणायला सांगा."

आता राहिली जाहिरात. मुलगी कॉलेजात चित्रकलेला होती, तिने विचारलं, "बाबा, 'समुद्र मोजायला या' असं लिहू?"

"समुद्र मोजत नाहीत. पाण्याची पातळी मोजतात."

"मग 'पाणी चढताना बघायला या'?"

"त्याला शास्त्रीय शब्द आहे. भरती."

"पण नुसतं 'भरती' लिहिलं तर लोकांना कळेल का?"

"भरती कळत नाही असा माणूस या गावात सापडेल का?" बोयेसाहेब म्हणाले, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर कच्चा मसुदा बघायला आले. त्यांना बोलावलं नव्हतं, पण मसुद्याचा वास त्यांना जिन्यातून येतो. ते म्हणाले, "'वेळेवर हजर राहावे' टाका. त्याशिवाय लोक येत नाहीत." समोरच्या दारातल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, "आणि लोकांना अभ्यासाची भीती वाटते हो. 'शिक्षणाची अट नाही' असं लिहा. 'अनुभवाची गरज नाही' असंही लिहा." बोयेसाहेबांना दोन्ही सूचना पटल्या. भरतीची उंची मात्र त्यांनी स्वतः घातली, कारण आकडा नसलेला कागद त्यांना उघडा वाटायचा. बायको चष्म्याचं दुकान चालवायची. तिने पत्रकावरून ओझरती नजर टाकली आणि म्हणाली, "वाचताना काहीतरी वेगळंच वाटतंय हो." ते म्हणाले, "तुला शास्त्रीय भाषेची सवय नाही." ती म्हणाली, "तुम्हाला लांबचं स्वच्छ दिसतं. जवळचं दिसत नाही, हे मी वीस वर्षं सांगतेय." आणि ती दुकान उघडायला गेली.

शेवटी पत्रक झालं ते असं:

वर्षातील सर्वांत मोठी भरती!
शनिवार, सकाळी ठीक ९ वाजता, जुना धक्का
उंची ३.८ मीटर
वयाची व शिक्षणाची अट नाही. अनुभवाची गरज नाही.
ओळखपत्र व दोन फोटो आणावेत. वेळेवर हजर राहावे.
कार्यवाह, सागरी अभियंता संस्था

वाचनालय, बसथांबा आणि चष्म्याचं दुकान अशा तीन ठिकाणी ते लागलं. बसथांब्यावर कुणीतरी त्याचा फोटो काढला, आणि दोन दिवसांत तो गावातल्या प्रत्येक मोबाइलवर पोचला.

शनिवारी साडेसातला बोयेसाहेब धक्क्यावर पोचले आणि जागच्या जागी थांबले. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग होती. इस्त्रीचे शर्ट, भांग पाडलेली डोकी, प्रत्येकाच्या काखेत एक फाइल. बोयेसाहेबांचे डोळे खरोखर भरून आले. आपण उगाच समाजाला नावं ठेवत होतो, लोकांना शास्त्राची केवढी ओढ आहे! स्टेशनमास्तर घरून शिटी घेऊनच आले होते. त्यांनी रांग ताब्यात घेतली आणि पन्नास-पन्नासच्या तुकड्या पाडल्या. जुने साहेब खुर्ची टाकून सह्यांच्या वहीपाशी बसले, कडक कॉलर, चकचकीत बूट. प्रत्येक जण सही करताना त्यांना वाकून नमस्कार करत होता. "फार वर्षांनी असं वाटलं रे," ते बोयेसाहेबांना म्हणाले.

रांगेतला एक दणकट धावपटू पुढे आला. "साहेब, मला पोहता येतं."

"उत्तम! पण आज गरज नाही पडणार."

"जागा किती आहेत?"

"जागेची चिंता नको. धक्का ऐसपैस आहे."

धावपटूने आवाज खाली आणला. "खरं सांगा साहेब, वरून कुणाचा हात लागतो का यात?"

"वरून? अर्थात. सगळं चंद्राच्या हातात आहे."

"चंद्रा... म्हणजे मोठे साहेब?"

"त्याच्याशिवाय भरती होतच नाही. सूर्याचाही थोडा हात असतो, पण मुख्य चंद्रच."

धावपटूने मागे वळून कुजबुज केली आणि ती रांगेतून शेवटपर्यंत गेली. वर कुणी चंद्रसाहेब आहेत, त्यांच्याखाली सूर्यसाहेब. मागून एकाने ओरडून विचारलं, "साहेब, आज नाही जमलं तर पुढची भरती कधी?"

"दिवसातून दोनदा असते," बोयेसाहेब प्रेमाने म्हणाले.

रांग अवाक झाली. दोघातिघांनी, संध्याकाळच्या भरतीला गर्दी कमी असेल म्हणून, घरी जायचा विचारही केला. उंचीबद्दलही कुजबुज होती. पण तीन मीटर ऐंशी ही छापायची चूक असणार, एक मीटर अडुसष्ट म्हणायचं असेल, असं एका जाणत्याने सगळ्यांना समजावलं होतं.

नऊला निरीक्षणं सुरू झाली, आणि मुख्यालयाने धाडलेले निरीक्षकही हजर झाले. निरीक्षक म्हणून कुणाला धाडावं? साडूंना. ते गळ्यात दुर्बीण अडकवून आले, गर्दी बघून त्यांचा चेहराच उतरला, आणि बोयेसाहेबांना वर्षभरात पहिल्यांदा पोटभर बरं वाटलं. पहिली तुकडी तराफ्यावर उतरली, पट्टी वाचली, एक्कावन्न सेंटिमीटर. तुकडी वर आली, चाळीस. दुसरी उतरली, बावन्न. वर आली, पुन्हा चाळीस. समुद्र दर पंधरा मिनिटांनी वर-खाली होत होता. बोयेसाहेबांनी चष्मा पुसला. बावीस वर्षांत असा समुद्र त्यांनी पाहिला नव्हता.

तेवढ्यात धक्क्याच्या दगडी पायऱ्यांवर बसलेली एक बाई उठून आली. चाळिशीची, साधी साडी, हातात पिशवी. पूर्वी घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचायचं काम करायची. मग मीटर आपले आपणच वाचायला लागले आणि हिचं काम गेलं. ती म्हणाली, "साहेब, दोन गोष्टी विचारायच्या होत्या. एक, ही पट्टी तराफ्यावर लावलीय, आणि तराफा पाण्याबरोबर वर येतोय. ती पाणी कसं दाखवणार? ती माणसं दाखवतेय. आणि दुसरं, पगार किती?"

बोयेसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कोणत्या प्रश्नाने आधी पळालं, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. त्यांनी तराफ्याकडे पाहिलं. मग गर्दीकडे, फायलींकडे, इस्त्रीच्या शर्टांकडे. मग खिशातून पत्रक काढून वाचलं, आणि पहिल्यांदाच ते इतरांना कसं दिसत होतं तसं त्यांना दिसलं. मागे साडूही तेच वाचत होते. ते आधी लाल झाले, मग जांभळे, आणि शेवटी एका खुंटाला धरून खाली बसले. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग डोळे पुसत ते बोयेसाहेबांच्या कानाशी आले. आणि माणूस दिसतो तसाच असतो असं नाही, म्हणून सांगतो, ते म्हणाले, "वहीत दोनशे बारा सह्या आहेत. मुख्यालयाला पन्नास हव्यात. कशासाठी केल्या ते वहीत लिहिलेलं नाही. मी काही पाहिलं नाही."

बोयेसाहेबांनी जुन्या साहेबांकडे पाहिलं. ते कॉलर सावरत दोनशे तेराव्याला सहीची जागा दाखवत होते. एक 'हो' म्हटलं असतं की झालं असतं. पण बोयेसाहेब ज्यात मुरले होते त्या धंद्यात चुकीचा आकडा म्हणजे बुडालेलं जहाज. त्यांनी वही उचलली, सह्यांवर तिरकी रेघ मारली आणि ते एका खोक्यावर चढले.

"मंडळी, माझी चूक झाली. ही भरती पाण्याची आहे."

मागून आवाज आला, "म्हणजे पाणीपुरवठा खात्याची?"

"नाही हो. नुसती पाण्याची. समुद्राची. नोकरी नाही, पगार नाही. तुम्ही सकाळी लवकर उठून, तयार होऊन आलात, आशेने आलात. मला फार वाईट वाटतंय. मी लिहिताना तुमचा विचारच केला नाही. मला माफ करा."

शिव्या पडतील म्हणून त्यांनी खांदे आत घेतले. पडल्याही थोड्या. रांगेचं शेपूट तुटलं, माणसं बडबडत रस्त्याला लागली, आणि बोयेसाहेब खोक्यावर तसेच उभे राहिले, कारण उतरून जाणार कुठे? तेव्हा धावपटू म्हणाला, "इस्त्री मोडायला दोन तास आहेत अजून. निदान ते चंद्रसाहेब कोण, ते तरी कळू द्या."

कुणीतरी फसकन हसलं. मग शेजारचा हसला. जुने साहेब काठी टेकत उठले आणि म्हणाले, "चंद्रसाहेबांबरोबर मी पंचावन्न वर्षं काम केलंय. या, सांगतो." आणि पायरीवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. चंद्र पाणी कसं ओढतो, जहाजं भरतीची वाट कशी बघतात, एकदा एक कप्तान भरतीची वेळ चुकून तीन दिवस चिखलात कसा बसला. स्टेशनमास्तर शिटी वाजवायचं विसरले. नव्या पानावर नव्याने सह्या झाल्या, खुशीने केलेल्या. साडूंनी स्वतः मोजल्या, चौसष्ट.

"माणसं झाली," साडू म्हणाले, "पण निरीक्षण? तुमच्या पट्टीनं सकाळभर माणसं मोजली." हे ते हसून म्हणाले नाहीत, आणि म्हणूनच बोयेसाहेबांनी घाईने घड्याळ पाहिलं. अकरा वाजून गेले होते. पाणी चढून गेलं होतं. ते काही पुन्हा चढा म्हणून सांगता येणार नव्हतं.

मीटरवाल्या बाईंनी पिशवीतून एक वही काढली. "रांगेचा कंटाळा आला म्हणून मी पायऱ्यांवर बसले होते. पाणी सारखं पायाशी यायचं, मी एकेक पायरी वर सरकायचे. सवय आहे हो, हातात वही असली की लिहिलं जातं." वहीत सुबक अक्षरात होतं: 'आठ पंचावन्न, वरून दहावी पायरी भिजली. नऊ वीस, नववी.' अशा ओळीने सहा पायऱ्या, आणि शेवटी, 'अकरा वीस, पाचवी भिजली. आता थांबलं.'

साडूंनी टेप काढला. पायरी मोजली, वीस सेंटिमीटर. दुसरी मोजली, तीही वीस. सहा पायऱ्या ओल्या झालेल्या, पहिली भिजण्याआधी पाणी किती उंचीवर होतं ते बंदराच्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात होतं, आणि दगडी धक्का काही तरंगत नव्हता. त्यांनी बेरीज केली, पुन्हा केली, आणि फॉर्मवर लिहिलं, 'तीन पूर्णांक आठ मीटर. ग्राह्य.' ग्राह्यखाली त्यांनी दोन रेघा मारल्या.

शाखा राहिली. पुढच्या वार्षिक सभेत बोयेसाहेबांचा फोन वाजला तेव्हा ते बाहेर गेले नाहीत. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. त्यामुळे 'बोयेसाहेब पुन्हा कार्यवाह, विरोध असेल त्यांनी हात वर करावा' असं जुने साहेब म्हणाले तेव्हा त्यांचा एकही हात मोकळा नव्हता.

एक सांगायचं राहिलं. परवानगीच्या टेबलावरच्या कारकुनाने ती पायऱ्यांची वही पाहिली होती, आणि बंदरात पाण्याची पातळी वाचणाऱ्याची जागा चार वर्षं रिकामी आहे हे त्याला आठवलं. बंदराने रीतसर जाहिरात काढली, तीही बसथांब्यावरच. 'भरती. जागा एक. पगार नियमाप्रमाणे.' गावात शिकलेली, गरजू, लायक माणसं काही कमी नव्हती. पण बसथांब्यावर थांबणारा जो तो पहिला शब्द वाचायचा आणि हसून म्हणायचा, "जाऊ दे रे, पुन्हा पाण्याचीच असेल."

अर्ज एकच आला. सुबक अक्षरात होता.